नित्य आणि नैमित्तिक : मध्यमवयातील व्यायामाचा नेम

(न्यासाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या निमित्ताने झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण. सभासद व हितचिंतकांच्या आग्रहावरून ते येथे देत आहोत.)



व्यायाम या विषयावर बोलण्याचा पहिला अधिकार डॉक्टरांचा आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे काम जमाखर्च, खरेदी, मनुष्यबळ आणि देयके यांचे. तरीही विश्वस्त मंडळाने हा विषय माझ्याकडे सोपविला, त्याचे कारण मी असे समजतो की आजाराची एक बाजू तपासणीच्या खोलीत दिसते आणि दुसरी बाजू देयकाच्या खिडकीपाशी दिसते. या दुसऱ्या बाजूला बसून पुष्कळ वर्षे झाली. तेथून जे दिसते, ते आपणासमोर ठेवावे, एवढाच माझा हेतू आहे.

त्या खिडकीपाशी येणाऱ्या कुटुंबांत एक गोष्ट वारंवार आढळते. खाटेवर असलेला रुग्ण म्हातारा नसतो. तो पंचेचाळीस-पन्नाशीतला कर्ता माणूस किंवा कर्ती बाई असते. आईवडिलांची औषधे त्याच्यावर, मुलामुलींच्या महाविद्यालयाचे शुल्क त्याच्यावर, सोसायटीचे पीककर्ज त्याच्या नावावर. अशा वयात हृदयविकाराचा झटका आला, पक्षाघात झाला किंवा मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, तर एक माणूस नव्हे, तीन पिढ्यांचा ताळेबंद कोसळतो. धर्मादाय रुग्णालयांसाठीच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. हा निधी आपण विनातक्रार खर्च करतो. परंतु त्यातून फार तर देयक भागते. बुडालेला हंगाम, मोडलेले सोने आणि मुलीचे थांबलेले शिक्षण यांची भरपाई कोणत्याही निधीतून होत नाही. म्हणून आजार होण्यापूर्वीच्या वीस वर्षांकडे लक्ष देणे हे धर्मादाय संस्थेचे काम आहे, असे मला नम्रपणे वाटते.

प्रथम देशाचे चित्र थोडक्यात पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या टप्प्याच्या निष्कर्षांत शहरी लोकांपैकी ६५ टक्के आणि ग्रामीण लोकांपैकी ५० टक्के शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय आढळले. दहा टक्क्यांहूनही कमी लोक फावल्या वेळात व्यायाम किंवा खेळ असे काही करीत होते. पुढे २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात भारतातील अपुरी हालचाल असलेल्या प्रौढांचे प्रमाण २०२२ सालासाठी ४९.४ टक्के काढण्यात आले. २००० साली ते सुमारे २२ टक्के होते. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांत ४२ टक्के आहे.

यातील ग्रामीण भागाचा आकडा ऐकून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटेल. ‘आम्ही शेतकरी माणसे, आम्हांला व्यायाम कशाला हवा?’ हा प्रश्न रुग्णालयात नित्य ऐकू येतो. एके काळी तो रास्त होता. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या तालुक्याची शेती कशी बदलली, हे आपण सर्व जाणता. मोट आणि दंड धरणे गेले, ठिबक आले. पाठीवरचा पंप गेला, ट्रॅक्टरवरचा ब्लोअर आला. मळ्यातून गावात पायी येणारा माणूस मोटारसायकलवर आला आणि आता अनेकांच्या अंगणात चारचाकी आहे. द्राक्षाची खरड छाटणी, गोडी बहाराची छाटणी, विरळणी, डिपिंग ही हातांची कामे आजही होतात. परंतु ती बहुतांशी पेठ, सुरगाणा भागांतून येणारे मजूर बंधु-भगिनी करतात. बागाईतदाराचा दिवस फोनवर, औषधांच्या दुकानात, व्यापाऱ्याशी बोलण्यात आणि हवामानाच्या काळजीत जातो. त्याच्या वडिलांचा आहार मात्र त्याच्या ताटात तसाच राहिला आहे. खर्च कमी झाला आणि जमा तेवढीच राहिली, तर शिल्लक वाढणारच. ती शिल्लक कमरेभोवती साठते. प्रगती वाईट झाली, असे मी म्हणत नाही. अंगमेहनत कमी व्हावी म्हणूनच माणसाने यंत्रे आणली. परंतु पूर्वी कामातून जे आपोआप मिळत असे, ते आता वेगळे ठरवून मिळवावे लागणार आहे.

येथेच एक खुलासा आवश्यक आहे. दिवसभर वाकून विरळणी करणाऱ्या किंवा डोक्यावर क्रेट वाहणाऱ्या भगिनीला ‘रोज अर्धा तास चाला’ असे सांगणे हा उपदेश नव्हे, थट्टा आहे. तिला गरज आहे ती पुरेशा आहाराची, विश्रांतीची, हिमोग्लोबिन तपासणीची आणि पाठ-मान मोकळी करणाऱ्या चार हालचालींची. कष्ट आणि व्यायाम एकच नाहीत. कष्टात वेग, वजन आणि वेळ दुसरा ठरवतो; शरीराची एकच बाजू झिजत राहते आणि विसावा मिळत नाही. व्यायामात या तिन्ही गोष्टी आपल्या हाती असतात. आजचे माझे बोलणे प्रामुख्याने बागाईतदार, व्यापारी, शिक्षक, नोकरदार, गृहिणी आणि आपल्याच रुग्णालयातील टेबलापाशी बसून काम करणाऱ्या आम्हा मंडळींसाठी आहे.

शारीरिक हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध ज्या अभ्यासाने प्रथम ठळकपणे दाखविला, तो आपल्याला सहज समजण्याजोगा आहे. लंडनचे डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली तेथील वाहतूक सेवेतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३५ ते ६४ या वयाचे सुमारे ३१ हजार पुरुष त्यात होते. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे फाडत जिन्यावरून वर-खाली करीत असे. दोघे एकाच बसमध्ये, साधारण एकाच आर्थिक स्तरातील. तरीही वाहकांमध्ये हृदयविकार चालकांच्या मानाने पुष्कळ कमी आढळला आणि ज्यांना झाला त्यांच्यात तो अधिक उतारवयात व कमी घातक स्वरूपात दिसला. वाहक दिवसाकाठी सुमारे ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. आपल्या वणीजवळच्या सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत. म्हणजे तो वाहक रोज एकदा तरी आपला गड चढत होता, असे समजा. आपण तो चैत्रात किंवा नवरात्रात एकदा चढतो. आणि २०१८ पासून तेथे फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाल्यावर तेही सुटत चालले आहे. वृद्ध, आजारी आणि अपंग भाविकांसाठी ती मोठीच सोय आहे. परंतु धडधाकट पंचेचाळिशीचा माणूस ट्रॉलीच्या रांगेत उभा राहतो, तेव्हा देवीने दिलेली एक संधी तो परत करतो.

आता कोणी विचारील, की इतकी वर्षे काही केले नाही, आता करून काय उपयोग? याला उत्तर आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी ‘इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ या नावाने केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या, ३५ ते ५५ वयाच्या ५३१ भारतीयांचा त्यात समावेश होता. ज्यांना आहारनियमन आणि रोज किमान अर्धा तास भरभर चालणे यांचा सल्ला देऊन पाठपुरावा केला गेला, त्यांच्यात तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. औषधाच्या गोळीने घटलेला धोका जवळपास तितकाच होता. अमेरिकेतील डल्लास येथे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४५ ते ६४ वयाच्या, बैठी जीवनपद्धती असलेल्या निरोगी स्त्री-पुरुषांनी दोन वर्षे आठवड्यातून चार-पाच दिवस पद्धतशीर व्यायाम केला. त्यांच्या हृदयाला आलेला ताठरपणा कमी झाला आणि शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे १८ टक्क्यांनी वाढली. बागेचे जुने खोड योग्य छाटणीनंतर पुन्हा फुटते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

यामागील कार्यकारणभाव आमच्या डॉक्टर मंडळींनी मला साध्या शब्दांत समजावून दिला आहे. शरीरातील साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. ते आकुंचन पावू लागले की इन्शुलिनच्या जादा मदतीविनाही रक्तातली साखर आत ओढून घेतात. म्हणून जेवणानंतर पंधरा मिनिटे चालले तरी साखरेचा चढ कमी राहतो. नियमित व्यायामाने वाढलेला वरचा रक्तदाब साधारण ५ ते ८ अंकांनी उतरू शकतो. हे परिणाम मात्र टिकाऊ ठेवीसारखे नाहीत; व्यायाम थांबला की काही आठवड्यांतच ओसरू लागतात. दुसरीकडे, तिशी-चाळिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दर दशकात ३ ते ८ टक्के घटत जाते. आमच्या लेखाशास्त्रात याला घसारा म्हणतात. यंत्र वापरले की त्याचा घसारा वाढतो. शरीराचा हिशेब उलटा आहे. ते वापरले नाही तर घसारा वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दिलेले मार्गदर्शन असे आहे : आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. मोबाइलवर १० हजार पावले मोजणाऱ्यांसाठी एक माहिती देतो. हा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही; १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पावलेमोजणी यंत्राच्या नावातून तो रूढ झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, वृद्ध अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासात सुमारे ४,४०० पावलांपासूनच लाभ दिसू लागला आणि ७,५०० च्या आसपास तो स्थिरावला. तेव्हा १० हजार होत नाहीत म्हणून घरी बसण्याचे कारण नाही.

ही सर्व माहिती आज कोणापासून लपलेली नाही. प्रत्येक घरात ती फोनवर येऊन पडते. अडचण माहितीची नाही, सातत्याची आहे. आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे : आरंभशूर. नववर्षाच्या पहिल्या आठवड्यात, डॉक्टरांनी दरडावल्यावर किंवा ओळखीतल्या कोणाला झटका आल्याची बातमी आली की गावात पहाटे चालणाऱ्यांची गर्दी होते. नवे बूट येतात. तीन आठवड्यांत रस्ता पुन्हा मोकळा होतो.

याचा उलगडा आपल्या परंपरेतील एका भेदावरून होतो. आपल्याकडे कर्मांचे नित्य आणि नैमित्तिक असे प्रकार मानले आहेत. स्नान-संध्या हे नित्य. व्रत-उद्यापन हे नैमित्तिक. नैमित्तिक कर्माला निमित्त लागते, उत्साह लागतो, तयारी लागते आणि निमित्त सरले की ते संपते. नित्यकर्माला उत्साह लागत नाही. आज आंघोळ करावीशी वाटते का, असे आपण स्वतःला विचारत नाही. आपण व्यायामाला नैमित्तिक करून टाकले आहे आणि म्हणून तो टिकत नाही. त्याला नित्याच्या रांगेत बसविणे, हेच मध्यमवयातील खरे काम आहे.

आषाढी वारीचे उदाहरण घ्या. त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथ महाराजांची पालखी पंढरपूरला जाते. साठी ओलांडलेले वारकरी आणि माउल्या या दिंड्यांतून दिवसेंदिवस चालतात. घरी गुडघे दुखतात म्हणून खाटेवरून न उठणारी माणसे तेथे चालतात. श्रद्धा हे त्याचे मूळ आहेच. परंतु व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहिले तर वारीत चार गोष्टी ठरलेल्या असतात : निघण्याची वेळ, मुक्कामाचे ठिकाण, दिंडीतली आपली जागा, आणि आपण दिसलो नाही तर विचारणारा माणूस. त्यातली एकही गोष्ट चालणाऱ्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर सोपवलेली नसते. हीच चार सूत्रे आपल्या रोजच्या अर्ध्या तासाला लावता आली, तर नेम टिकेल.

मध्यमवयात सुरू केलेला नेम आयुष्यभर कसा पाळता येतो, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव तथा बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. शरीर स्थूल होऊ लागल्यावर १८९७ साली त्यांनी त्या काळी जगभर गाजलेल्या सँडो यांच्या पद्धतीचा व्यायाम साधनांसह सुरू केला आणि तो सुमारे दहा वर्षे केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून १९०८ मध्ये त्यांनी सूर्यनमस्कार घेतले. त्या वेळी त्यांचे वय चाळीस होते. सूर्यनमस्काराला यंत्र नको, जोडीदार नको, मैदान नको. सतरंजीएवढी जागा पुरे. हा व्यायाम त्यांना पुढे जन्मभर पुरला. संस्थानच्या शाळांत त्यांनी तो सुरू केला, त्यावर पुस्तक लिहिले आणि १९३८ साली, म्हणजे त्यांच्या सत्तरीत, लुईस मॉर्गन यांनी संपादित केलेली त्याची इंग्रजी आवृत्ती ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ या नावाने लंडनला निघाली. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थानचा कारभार, चित्रकला, कीर्तन आणि औंधच्या संग्रहालयाची उभारणी एवढे व्याप असलेल्या माणसाचा नेम टिकला. वेळ नाही, ही सबब त्यांच्याकडे आपल्यापेक्षा अधिक भक्कम होती.

आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, ही जिल्ह्याला अभिमानाची गोष्ट आहे. वैद्यकीय व्यवसाय सांभाळून त्यांनी ही तयारी केली. परंतु अशा पराक्रमाकडे पाहून सामान्य माणूस दोन चुकीचे अर्थ काढतो : एक तर हे आपल्याला जमणारच नाही, किंवा उद्यापासून पन्नास किलोमीटर सायकल मारायची. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे थोडे आणि रोज.

सवय लागण्यास किती दिवस लागतात, याविषयी एकवीस दिवसांचा समज सर्वत्र आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, कोणाला २५४ दिवस लागतील असे दिसले. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. मध्ये एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्याच्या क्रियेत फारसा फरक पडला नाही. ‘काल खंड पडला, आता काय उपयोग’ म्हणून जो सोडून देतो, त्याचे नुकसान खंडाने होत नाही, सोडण्याने होते.

या आधारावर काही व्यावहारिक सूचना करतो.

पहिली सूचना वेळेविषयी. आपल्या तालुक्यातील वाघाड प्रकल्पावर पाणीवापर संस्थांनी पाण्याचे नियोजन स्वतःच्या हाती घेतले, त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. पाणी मर्यादित असले तरी प्रत्येकाची पाळी ठरलेली असली, तर ते टेलच्या शेतापर्यंत पोहोचते. पाळी ठरलेली नसेल, तर वरचेच सर्व उपसून घेतात. आपल्या दिवसात व्यायाम हा टेलचा शेतकरी आहे. सर्व कामे झाल्यावर उरलेला वेळ त्याला द्यायचा म्हटले, तर त्याच्या वाट्याला कधीच काही येणार नाही. त्याचे आवर्तन ठरवून द्यावे लागेल. सोपा उपाय म्हणजे रोज चुकत नाही अशा एखाद्या गोष्टीला तो बांधावा. दूध घालून परतताना, मुलांना शाळेच्या गाडीत बसवून, सायंकाळच्या आरतीला किंवा हरिपाठाला पायी जाताना. नवी वेळ शोधण्यापेक्षा जुन्या खुंटीला नवे वस्त्र अडकवावे.

दुसरी सूचना आरंभाच्या आकाराविषयी. पहिले दोन आठवडे दहा मिनिटेच चालावे. मन म्हणेल, आणखी चालू. तरी परत फिरावे. नंतर दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. अर्ध्या तासावर पोहोचल्यानंतर आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचे व्यायाम जोडावेत : खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर, टाचा उचलून उभे राहणे, झेपतील तितके सूर्यनमस्कार. यासाठी जिमची वर्गणी लागत नाही.

तिसरी सूचना आपल्या हंगामाविषयी. गोडी बहाराची छाटणी सुरू झाली की सप्टेंबर-ऑक्टोबरपासून बागाईतदाराला डोके वर काढता येत नाही. जानेवारीपासून माल निघेपर्यंत तीच धावपळ. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि लग्नसराई, पुढे पावसाळा. प्रत्येक हंगाम व्यायाम सोडण्याचे कारण घेऊन येतो. म्हणून वर्षभरासाठी एकच नियम न करता दोन करावेत : एक मोकळ्या दिवसांचा आणि एक घाईच्या दिवसांचा. घाईच्या दिवसांत पाच नमस्कार आणि बागेला एक पायी फेरी, एवढेच. अवकाळी पावसाच्या आठवड्यात तेवढेही पुरे. खाते चालू ठेवण्यासाठी किमान शिल्लक लागते. बंद पडलेले खाते पुन्हा उघडणे अवघड जाते.

चौथी सूचना नोंदीविषयी, आणि ती माझ्या व्यवसायातील आहे. रोजमेळात व्यवहार त्याच दिवशी लिहिला जातो. आठवड्याने आठवून लिहिलेला हिशेब जुळत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयावर चाललेल्या दिवशी मिनिटे लिहावीत, न चाललेल्या दिवशी शून्य लिहावे. जागा कोरी सोडू नये. महिनाअखेरीस बेरीज करावी आणि बेरजेवरच समाधान मानावे. वजनकाट्यावर रोज उभे राहू नये. वजन उतरण्यापूर्वी साखर, रक्तदाब, झोप आणि पायऱ्या चढतानाचा श्वास सुधारतो.

भगिनींविषयी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे, कारण अपुऱ्या हालचालीचे प्रमाण त्यांच्यातच अधिक आहे. पाळी थांबण्याच्या सुमारास हाडांची झीज वेगाने होते, स्नायू घटतात आणि रक्तदाब वाढू लागतो. नेमक्या त्याच वयात घरात सून आलेली असते किंवा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असतात. सकाळचा वेळ पाणी, डबे आणि स्वयंपाकात जातो. ‘घरकामातच व्यायाम होतो’ असे घरातील इतर मंडळी मोठ्या खात्रीने सांगतात. घरकामात श्रम होतात. परंतु सलग दम लागेल अशी हालचाल फार थोडी होते. शिवाय बाहेर पडायचे कोठे? नाशिक-कळवण रस्त्याला पहाटेची भरधाव वाहने, मळ्याच्या वाटेला कुत्री, आणि उसाच्या पट्ट्यात अंधारात बिबट्याची भीती. या भीतीला बहाणा म्हणता येणार नाही. म्हणून भगिनींनी उजाडल्यावर, चौघी-पाचजणींच्या गटाने, शाळेच्या मैदानासारख्या बंदिस्त जागेत चालावे. बचत गटाची बैठक असते त्याच दिवशी, त्याच वेळेला जोडून हे करता येईल. आणि घरच्या पुरुषांनी त्या अर्ध्या तासात चहा स्वतः करून घ्यावा. स्त्रीच्या व्यायामात घराची ही वर्गणी भरली गेली नाही, तर बाकी सर्व सूचना कागदावर राहतात.

डॉक्टरांच्या वतीने काही सावधगिरीच्या गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घेरी किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप जाणवल्यास तेथेच थांबावे आणि विलंब न लावता तपासणीस यावे. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी आणि उपाशीपोटी लांब चालू नये. पायांची संवेदना कमी झाली असेल, तर अनवाणी चालू नये. रोज रात्री तळपाय पाहावेत. पूर्वी हृदयविकार झालेल्यांनी, तसेच पुष्कळ वर्षांनी जोरकस व्यायाम सुरू करणाऱ्यांनी आधी सल्ला घ्यावा. गुडघेदुखी असणाऱ्यांनी व्यायाम सोडू नये. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरील भार हलका होतो. आमचे भौतिकोपचार तज्ज्ञ योग्य हालचाली दाखवतील.

शेवटी विश्वस्त मंडळापुढे चार प्रस्ताव आदरपूर्वक ठेवतो. पहिला, रुग्णालयाचे आवार सकाळी व सायंकाळी चालण्यासाठी नागरिकांना, विशेषतः भगिनींना, खुले करावे आणि तेथे पुरेसे दिवे लावावेत. दुसरा, आठवड्यातून एक दिवस भौतिकोपचार विभागाने नवागतांना तासभर विनामूल्य मार्गदर्शन करावे. तिसरा, मधुमेह व रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला औषधाच्या चिठ्ठीबरोबर चालण्याच्या नोंदीचे एक पत्रक द्यावे आणि पुढील भेटीत डॉक्टरांनी ते आवर्जून पाहावे. कोणी तरी पाहणार आहे, एवढ्या जाणिवेनेही नोंद होते. चौथा, याची सुरुवात आपल्या कर्मचाऱ्यांपासून करावी. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांना त्यासाठी सोयीची वेळ ठरवून द्यावी. स्वतः न चालणाऱ्या संस्थेने इतरांना चालण्यास सांगू नये.

या चारही प्रस्तावांचा खर्च अल्प आहे. मात्र त्यांचा लाभ कोणत्याही अहवालात दाखविता येणार नाही, हे मी हिशेबनीस या नात्याने आधीच सांगून ठेवतो. शस्त्रक्रियांची संख्या मोजता येते, डायलिसिसचे आवर्तन मोजता येते, देणगीची पावती फाडता येते. जो झटका आलाच नाही, जी खाट भरलीच नाही, ज्या मुलीचे शिक्षण थांबलेच नाही, तिची नोंद कोणत्या रकान्यात करायची? लेखापरीक्षकाला ती सापडणार नाही. तरीसुद्धा धर्मादाय संस्थेच्या खऱ्या ताळेबंदात तीच सर्वांत मोठी जमा आहे, असे माझे मत आहे. ती जमा वाढविण्यास आपण सर्वांनी उद्या सकाळी दहा मिनिटे द्यावीत, परवा पुन्हा दहा द्यावीत, आणि तेरवा पाऊस आला तर त्यानंतरच्या दिवशी परत उभे राहावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.